पाठ झालेला तक्ता

लाइट गेली आणि मुलगी वाचतच राहिली.

नजर तपासायचा तक्ता आमच्याकडे एका लाकडी खोक्यात बसवलेला होता. आत दिवे, पुढे दुधी काच, काचेवर अक्षरं. सगळ्यात वर एक मोठं अक्षर, मग खाली बारीक बारीक होत जाणाऱ्या ओळी. हे खोकं एका अरुंद, बिनखिडकीच्या बोळाच्या टोकाला टांगलेलं, कारण सहा मीटरचं सरळ अंतर अख्ख्या दवाखान्यात तिथंच मिळायचं. पेशंट अलीकडच्या टोकाला, व्हरांड्याच्या दाराशी उभा राहायचा. लाइट गेली की पलीकडचं खोकं दिसेनासं व्हायचं. त्या दिवशी मी मुलीच्या मागेच उभी होते, डोळ्यांवर चांगला चष्मा होता, आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं. ही मात्र डावा डोळा हाताने झाकून खालून दुसरी ओळ खडाखडा म्हणत होती.

"बास कर," मी म्हणाले.

ती थांबली. काय बिघडलं ते तिला कळलं नव्हतं. लाइट गेल्याचंही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आमचे नेत्रसहायक कदीरभाई दाराशी टेबलावर मान खाली घालून बसले होते. हा तक्ता त्यांनी इतक्या वेळा ऐकला होता की ते तिकडे बघायचेच नाहीत, नुसते कान द्यायचे. त्यांनी कार्डावर लिहूनही टाकलं होतं.

"दोन्ही डोळे सिक्स बाय नाइन, मॅडम. एकदम बराबर."

सिक्स बाय नाइन म्हणजे चांगल्या डोळ्याला नऊ मीटरवरून जे वाचता येतं, ते या माणसाला सहा मीटरवरून येतं. साध्या भाषेत, नजर जवळपास उत्तम. आणि तिच्या हातातल्या अर्जावर लिहिलं होतं की दिसत नसल्यामुळे परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळावा.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी जालना जिल्ह्यात सरकारी नोकरीत डोळ्यांची डॉक्टर होते. दर बुधवारी आमच्याकडे अपंग बोर्ड बसायचं. तेव्हा अपंगच म्हणायचे. बोर्ड म्हणजे सिव्हिल सर्जन, हाडांचे डॉक्टर आणि मी. कुणाला किती टक्के अपंगत्व आहे ते आम्ही तिघांनी ठरवायचं, तिघांनी सह्या करायच्या, गोल शिक्का मारायचा. चाळीस टक्के किंवा त्याच्या वर असलं तरच सवलत. एसटीचा पास, नोकरीतली जागा, परीक्षेतला लेखनिक, सगळं त्या एका कागदावर अवलंबून. त्यामुळे बुधवारी भोकरदनपासून मंठ्यापर्यंतची माणसं पहिल्या गाडीने यायची आणि व्हरांड्यातल्या बाकड्यांवर दाटीवाटीने बसायची.

खोटं बोलणारेही यायचे. डोळ्यांच्या डॉक्टरला दिसत नसल्याचं सोंग पकडायच्या बऱ्याच युक्त्या शिकवतात. अचानक काहीतरी पुढे धरायचं, आरसा हलवायचा, वेगवेगळ्या काचा लावून गोंधळात टाकायचं. मी त्यात चांगली तयार होते. पण दिसत असल्याचं सोंग घेऊन कुणी अपंग बोर्डापुढे आल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

मुलीचं नाव द्वारका खरात. मंठ्याच्या पुढच्या एका खेड्यातली. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडील किसनराव आता शेती करायचे. ती जालन्याच्या एका कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि बाहेरगावच्या मुलींच्या होस्टेलवर राहायची. अर्जासोबत तिला इतिहास शिकवणाऱ्या साळवे मॅडमची चिठ्ठी होती. मजकूर थोडकाच. ही मुलगी तोंडी विचारलं तर सगळं सांगते, पेपर मात्र अर्धा कोरा सोडते. विद्यापीठाला बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं. कॉलेजचा माणूस उद्या गुरुवारी अर्ज घेऊन औरंगाबादला जातो आहे, त्यानंतर अर्ज घेत नाहीत. कृपया आजच करावं.

म्हणजे पुढचा बुधवार तिच्या उपयोगाचा नव्हता.

मी तिला अंधारखोलीत घेतलं. अंधारखोली म्हणजे डोळ्याच्या आत बघायची काळ्या पडद्यांची खोली. वडील दाराशी घुटमळले, त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

"लाइट गेली होती तेव्हा तू काय वाचत होतीस?"

ती चाचपून स्टुलावर बसली.

"तक्ता पाठ आहे तुला?"

"सकाळधरनं बाकड्यावर बसून ऐकून राह्यले ना," ती म्हणाली. "ज्याला बोलावतेत तो मोठ्यानं म्हनतो. चार-पाच जनांत पाठ झाला."

"चार-पाच जणांत?"

"माझं समदं असंच हाय, मॅडम. होस्टेलला मैत्रीन वाचती, मी ऐकते. एकडाव ऐकलं की बसतं डोक्यात."

"मग सर्टिफिकेट पाहिजे की नको तुला?"

"पायजे."

"पाहिजे तर दिसतंय असं का दाखवलंस?"

तिने दाराकडे मान वळवली. "भाईर पाहुने बसलेत."

पाहुणे म्हणजे नुसते पाहुणे नव्हेत. जांब समर्थकडच्या एका गावातल्या मुलाशी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि त्या मुलाचे मामा त्याच व्हरांड्यात बसले होते. मोटारसायकलवरून पडून त्यांचा पाय अधू झाला होता, ते एसटीच्या सवलतीसाठी आले होते. सकाळी किसनराव मुलीला घेऊन व्हरांड्यात शिरले आणि समोर हे. रामराम झाला. इकडे कुठं, असं मामांनी विचारल्यावर किसनरावांनी सांगितलं की कॉलेजात सगळ्या पोरींचे डोळे तपासून राह्यलेत, कागद मागितलाय. मग मामांच्या शेजारीच जागा करून घेऊन बसावं लागलं. द्वारकाचं नाव पुकारलं तेव्हा बापाने उठता उठता तिच्या कानात सांगितलं, "पाहुणे ऐकत्यात. वाचून टाक."

आणि तिने वाचून टाकलं.

मला हसू आलं नाही, राग आला. बापाचा आला, तिचाही आला. सकाळपासून माझ्याशी पंचवीस जण भांडले होते, दिसत असून दिसत नाही म्हणत होते. आणि जिला खरंच गरज होती ती नजर उत्तम असल्याचा सरकारी पुरावा स्वतःच्या तोंडाने तयार करून बसली होती.

"खरं काय दिसतं ते सांग," मी म्हणाले. "माझ्याकडे बघून सांग."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्याच्या बाजूला, भिंतीकडे बघितलं. "तुमाला बघायचं तर मला तिकडं बघावं लागतं," ती म्हणाली. "सरळ बघितलं की तोंडाच्या जागी धूर दिसतो. कानातलं दिसतं, साडीचा काठ दिसतो, तोंड न्हाई. मानूस बोलल्याबिगर मला वळखू येत न्हाई."

"कधीपासून?"

"नववी-धावीपासनं. आधी थोडं होतं, वाढून राह्यलं. घागर घेऊन वढ्यावरून येते, कुठं ठेचाळत न्हाई. म्हनून कुनाला खरंच वाटत न्हाई. पर ज्वारी निवडाया बसले तर खडा सापडत न्हाई. माय म्हनती, कामचुकार हाय."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणून मला जास्त लागलं.

मागच्या वर्षी इतिहासाच्या पेपरला प्रश्न वाचण्यातच तिचा निम्मा वेळ गेला होता. मग घाईत लिहिलेल्या ओळी एकीवर एक चढल्या. नापास झाली. पुन्हा बसायचं तर वडिलांची अट होती, यंदा नापास झालीस तर कॉलेज बंद आणि लग्न. साळवे मॅडम घरी जाऊन बोलल्या तेव्हा कुठे ते बोर्डापुढे यायला तयार झाले, तेही गुपचूप कागद मिळतो असं समजून.

मी डोळ्यांत थेंब टाकले. या थेंबांनी बाहुली मोठी होते आणि आतला पडदा नीट दिसतो. थेंब लागू होईपर्यंत तिला डोळे मिटून बसवलं आणि बाहेरचे चार पेशंट संपवले. व्हरांड्यात मामा किसनरावांना तंबाखू देत होते. किसनराव हसत होते, पण डोळा माझ्या दारावर होता.

परत आले आणि बॅटरीचं यंत्र डोळ्याला लावून आत बघितलं. काही शोधावं लागलं नाही. पडद्याच्या बरोबर मध्यावर, जिथे वाचायची आणि चेहरा ओळखायची नजर असते, तिथे झिजलेला डाग होता आणि भोवती पिवळसर ठिपके. दोन्ही डोळ्यांत तसंच. कडा मात्र स्वच्छ. म्हणून ती ओढा ओलांडू शकत होती आणि ओळ वाचू शकत नव्हती. हा आजार रक्तात येतो. याला तेव्हा चष्मा नव्हता, ऑपरेशन नव्हतं, औषधही नव्हतं.

तिला हे सांगितलं. पूर्ण आंधळी होणार नाहीस, कडेची नजर बहुतेक राहील, हेही सांगितलं.

"म्हंजे मी खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

"तक्त्यापुढे बोललीस."

"तेवढंच," ती म्हणाली.

आता प्रश्न कार्डाचा होता. सरकारी कार्डावर एकदा सिक्स बाय नाइन लिहून खाली सही झाली की ते खोडायचं कसं? आणि दिवस वाईट होते. शेजारच्या एका जिल्ह्यात खोट्या सर्टिफिकेटांवरून डॉक्टर लोक गोत्यात आले होते. आमचे सिव्हिल सर्जन म्हणजे सर, स्वभावाने सरळ, पण त्या दिवसांत प्रत्येक कागदाकडे साप असल्यासारखे बघत. त्यांना दुपारी कलेक्टर ऑफिसला मीटिंग होती. ते उठले की त्या दिवसाचं बोर्ड संपलं.

मी द्वारकाला आणि किसनरावांना घेऊन त्यांच्या खोलीत गेले. हाडांचे डॉक्टर तिथेच होते. द्वारका पुढे चालत होती. दारात टेबलफॅनची वायर आडवी पडली होती, तिने ती अलगद ओलांडली. खुर्चीला वळसा घातला आणि टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

सरांनी हे सगळं बघितलं. मग कार्ड बघितलं.

"मॅडम, ही आंधळी?"

"आंधळी नाही सर. मधली नजर गेली आहे. कडेची शाबूत आहे, म्हणून चालता येतं."

सरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलाच्या कडेला ठेवला. "बेटा, किल्ल्या दे."

द्वारकाने मान थोडी वाकडी केली आणि किल्ल्या उचलून त्यांच्या हातात दिल्या.

"बघा," सर म्हणाले.

"सर, किल्ल्या उचलायला कडेची नजर पुरते. वाचायला पुरत नाही."

"कार्ड म्हणतं पुरते."

मी तक्ता पाठ असल्याचं सांगितलं. पाहुण्यांचंही सांगितलं. हाडांचे डॉक्टर हसले. सर हसले नाहीत.

"म्हणजे सकाळी खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं ते खोटं, आणि आता दिसत नाही म्हणते ते खरं. हे मी चौकशीवाल्यांना सांगू? पाहुणे आले होते म्हणून नजर चांगली होती, असं?"

"तुम्ही स्वतः आत बघा सर."

ते अंधारखोलीत आले. सर्जन माणूस, डोळ्यात बघून त्यांना कित्येक वर्षं झाली असावीत, पण बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डाग आहे," ते म्हणाले. "मान्य. पण डाग फाईलला लावता येत नाही. फाईलला नजरेचा आकडा लागतो आणि आकडा आहे सिक्स बाय नाइन."

"मी परत तपासते. दुसऱ्या तक्त्यावर."

"थेंब टाकलेत ना तुम्ही?" हाडांचे डॉक्टर म्हणाले. "थेंबांनी धूसर दिसतं. आणि नाही दिसत म्हणायला काय लागतं? कुणीही म्हणेल."

त्यांचं चुकत नव्हतं. तिला दिसत नाही हे दाखवून उपयोग नव्हता. सकाळी दिसलं नव्हतं, हे दाखवायला हवं होतं.

"सर," मी म्हणाले, "ती तक्त्याकडे पाठ करून तोच तक्ता म्हणून दाखवेल. मग सकाळच्या आकड्याला काय अर्थ राहतो?"

सरांनी घड्याळ बघितलं. "चला. जिथे सकाळी वाचला तिथेच. बोर्डाच्या तिन्ही मेंबरांसमोर. नंतर कुणी म्हणायला नको की बंद खोलीत काय केलं कुणास ठाऊक."

आतापर्यंत किसनराव भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले.

"तिथं नको सायेब," ते म्हणाले. "तिथं मानसं हायेत."

"मग राहू द्या."

"कागद द्या ना सायेब, पर हितंच द्या. पाहुणे उठून जाऊ द्या. मंग तुमी म्हनाल तिथं म्हनती ती."

"तुमचे पाहुणे उठेपर्यंत मी इथे नसेन."

मामांचा पाय तपासायचा तर हाडांचे डॉक्टर जागेवर हवेत, आणि ते तर आमच्यातच अडकलेले. म्हणजे मामा हलणार नव्हते. मी व्हरांड्यात जाऊन बाकडी रिकामी करायला सांगितलं. कुणी ढिम्म हललं नाही. बोर्डाच्या दिवशी बाकड्यावरून उठणं म्हणजे नंबर घालवणं. दोघे-तिघे उठल्यासारखं करून परत बसले. उलट खुद्द मोठे साहेब बाहेर आल्याचं बघून मागची माणसं पुढे सरकली.

मला हात चोळत उभं राहावं लागलं. मी डॉक्टर होते, त्या मुलीच्या डोळ्यात काय आहे ते मला स्वच्छ दिसलं होतं, आणि तिचं पुढचं सगळं एका बाकड्यावर येऊन अडलं होतं.

किसनराव मुलीजवळ गेले. हळू बोलले, पण मी शेजारीच होते.

"चल घरी. हुईल तसं हुईल."

"बाबा, उद्या अर्ज जातो."

"आन ते बसलेत त्याचं काय? उद्या समद्या गावात हुईल."

कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्न मला नव्हता, पण तिला ढकलायचा मला हक्कही नव्हता. मी एवढंच म्हणाले, "द्वारका, तुझं तू ठरव. नको असेल तर मी कार्ड बंद करते."

"मी आज ना उद्या त्यांच्या घरी गेलेच असते," ती बापाला म्हणाली. "तिथं ज्वारी निवडाया बसवलं असतं. मंग काय करनार होते, बाबा?"

किसनरावांनी मान फिरवली.

ती बोळाच्या दाराशी गेली. लाइट आली होती, पलीकडे खोकं उजळलेलं होतं. तिने खोक्याकडे पाठ केली. त्यामुळे तिचं तोंड आपोआप व्हरांड्याकडे, बाकड्यांकडे झालं. मामा पहिल्याच बाकड्यावर, अधू पाय पुढे लांब करून बसले होते.

"सुरू कर," सर म्हणाले.

तिने वरच्या मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली. आवाज आधी बारीक होता. तिसऱ्या ओळीला मोकळा झाला. शेवटची ओळ संपली तेव्हा व्हरांड्यात कुणी खोकत नव्हतं.

"खालून वर," सर म्हणाले.

तिने खालून वर म्हटलं. शेवटून पहिलं, उलट्या क्रमाने. कदीरभाई पहिल्यांदाच मान वर करून तक्त्याकडे बघत एकेक अक्षर जुळवत होते.

"बराबर हाय, सर," ते म्हणाले. "एक बी चुकलं न्हाई."

"आता दुसरा तक्ता."

कदीरभाईंनी स्टोअरमधून जुना तक्ता आणला होता. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठीचा, त्यात वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या खुणा असतात, तोंड कुठे ते बोटाने दाखवायचं. तो बाकड्यावर कुणी ऐकलेला नव्हता. द्वारका वळली. मान वाकडी करून, भिंतीकडे बघत तिने वरची सगळ्यात मोठी खूण कशीबशी दाखवली. दुसऱ्या ओळीला हात खाली घेतला.

"न्हाई दिसत," ती म्हणाली. हे तिने सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात सांगितलं.

ही नजर सिक्स बाय सिक्स्टी. चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसतं ते हिला सहावरून. थेंबांनी थोडं धूसर होतं, पण इतकं नाही, हे सरांनाही माहीत होतं. त्यांनी कार्ड मागितलं. सकाळचा आकडा खोडला नाही. त्याच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं की आधीची तपासणी पाठांतरामुळे ग्राह्य नाही, फेरतपासणी बोर्डासमक्ष केली. मी सही केली, हाडांच्या डॉक्टरांनी केली, सरांनी केली. चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व, कायम स्वरूपाचं. शिक्का बसला.

"पोरी," सर निघता निघता म्हणाले, "पुन्हा कुठल्या डॉक्टरला असं फसवू नकोस. तुझंच नुकसान होतं."

नंतर मामांचं नाव पुकारलं गेलं, त्यांचं काम झालं. लंगडत बाहेर आले तेव्हा किसनराव जिन्याशी उभे होते. मामा थांबले.

"पोरगी हुशार हाय, किसनराव," ते म्हणाले आणि बसस्टँडकडे निघाले.

त्यांच्याकडून परत निरोप आला नाही. हे मला नंतर समजलं, पण किसनरावांना तिथेच समजलं होतं. कागद घ्यायला ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"तुमी कागद दिला, मॅडम," ते म्हणाले. "पर मी घरी काय सांगू?"

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. तो वाईट बाप नव्हता. झाकलेलं झाकलेलंच राहील, एवढ्याच आशेवर तो सकाळच्या गाडीने आला होता. "खरं सांगा," असं मी म्हणाले, पण ते बोलताना मलाच ते फुकटचं वाटलं.

द्वारकाने कागदाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. तो दुसऱ्या दिवशी औरंगाबादला गेला. बारावीतली एक मुलगी तिची लेखनिक झाली. त्या परीक्षेत द्वारका पास झाली, आणि पुढच्या वर्षी बीए झाली. ही बातमी साळवे मॅडमनी स्वतः येऊन दिली. पुढे तिने एमएला नाव घातलं, तिथेही तोच कागद चालला.

इकडे मी बाकडी बोळापासून लांब हलवायला वरती लिहिलं. बाकडी सिमेंटची होती, ती हलली नाहीत. मग मी दुसरा तक्ता कायमचा टेबलाशी आणून ठेवला आणि कदीरभाईंना सांगितलं की पेशंट वाचत असताना तक्त्याकडे बघत जा. ते काही दिवस बघत होते.

दोनेक वर्षांनी एका बुधवारी व्हरांड्यात किसनराव दिसले. या वेळी दाराशी घुटमळत नव्हते. पहिल्या बाकड्यावर, अगदी मधोमध बसले होते आणि शेजारी दहावीतली धाकटी मुलगी होती. आजार रक्तातला. मी मनात म्हटलं, नको. पण मुलीने मान वाकडी करून माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याच्या बाजूला बघितलं आणि मला कळलं.

त्यांचं नाव पुकारलं. बाकडी गच्च भरलेली होती. त्यांच्या ओळखीचं कुणी त्यात होतं की नाही, मला माहीत नाही. मंठ्याकडची चार-पाच माणसं तरी नक्की होती. मुलगी दाराशी जाऊन उभी राहिली. कदीरभाईंनी खोक्याकडे छडी केली, "म्हन," म्हणाले.

तेवढ्यात किसनराव बाकड्यावरून उठले. उठलं की बाकड्यावरची जागा जाते, हे त्यांना ठाऊक असणार.

"तो तक्ता नका दावू," ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "सकाळधरनं ऐकून पाठ झालाय तिला. दिसत न्हाई ह्या पोरीला. थोरलीवानीच हाय. दुसरा लावा."

कदीरभाईंनी दुसरा लावला. धाकटीला दहावीच्या परीक्षेआधीच कागद मिळाला.

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरने विचारलं, बोर्डाच्या कामात काय जपायचं? मी त्याला यंत्रं दाखवली, रजिस्टरं दाखवली, आणि शेवटी व्हरांड्यात नेलं. तक्ता लावायच्या आधी बाकड्यावर कोण बसलंय ते बघत जा, असं सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.